उजवं बटण दाबू नये

पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा मी पेठेत एका काकूंकडे कॉट बेसिसवर राहायचो. बाहेरच्या खोलीत काकूंचं वधूवर सूचक मंडळ होतं. दारावर पाटी होती: ‘चौकशी चार ते सहा. सातला येऊन सहा वाजले नाहीत असे म्हणू नये.’ मी कंपनीत वेब पेजेस बनवतो हे कळताच त्यांनी मंडळाचं पान माझ्याकडून करून घेतलं. विदर्भातून आलेल्या मला तोंडावर नाही म्हणता येत नाही, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात ताडलं होतं.

पान झालं, मुलींचे फोटो मी न बघता गठ्ठ्याने चढवले आणि महिन्याभरात त्यातला एक पळाला. कोणीतरी उजवं बटण दाबून तो उतरवून घेतला आणि ईमेलने या कंपनीतून त्या कंपनीत फिरवला. मुलीच्या वडिलांनी नाव काढून घेतलं, पाठोपाठ आणखी चार घरांनी. वीस वर्षं लोक निव्वळ काकूंच्या शब्दावर मुलींचे फोटो देत आले होते. काकू दोन दिवस चारच्या ठोक्यालाही दार न उघडता बसल्या. मला फार वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “ते उजवं बटण बंद कर. नाहीतर मी मंडळ बंद करते.”

“काकू, बटण लोकांच्या माऊसला असतं.”

“पान तर माझं आहे ना?”

डाव्याशिवाय कोणतंही बटण दाबलं की पडद्यावर चौकट यावी, अशी सोय मी केली. मजकूर काकूंचा: ‘फोटो पाहण्यासाठी आहेत, नेण्यासाठी नाहीत. उजवं बटण दाबू नये.’ मी सुरुवातीला ‘कृपया’ सुचवलं.

“चोराला कसलं कृपया?”

आता गंमत अशी, की माझ्या ऑफिसातल्या ब्राउझरमध्ये डाव्या बटणाचा क्रमांक शून्य आणि काकूंच्या ब्राउझरमध्ये एक. मी ऐटीत लिहून ठेवलं होतं की शून्य सोडून सगळ्यांना अडवा. काकूंनी साधं डावं बटण दाबलं तरी चौकट हजर!

“माझ्याच घरात मलाच दटावतोय हा!” काकू कडाडल्या.

ते निस्तरलं आणि जाता जाता मधल्या चाकाचाही बंदोबस्त केला. चाचणीला फोटो हवा होता. लोकांच्या मुलीचा कशाला, म्हणून काकूंनी स्वतःचा एकसष्टीचा दिला, नथ घातलेला.

मग काकूंनी त्या पहिल्या मुलीच्या वडिलांना बोलावलं. ते परत आले तर बाकीची घरंही येतील, हा हिशोब. रविवारी ते मुलीला घेऊन आले. काकूंनी स्वतः उजवं बटण दाबलं. चौकट आली. वडिलांनी दाबून पाहिलं. पुन्हा आली. “वा! आता काळजी नाही,” ते म्हणाले. काकूंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं आणि मीही कॉलर ताठ केली.

“मी बघू?” मुलगी म्हणाली. तीही कुठल्याशा कंपनीत होती. माऊसला तिने हातही लावला नाही. कीबोर्डवरचं पडद्याचं चित्र टिपणारं बटण दाबलं, पेंट उघडलं, आणि काकू नथीसकट त्यात हजर झाल्या. तिने त्या मोठ्याही करून दाखवल्या.

“अगंबाई, माझा फोटो!” काकूंनी पदर सावरला.

“दिसतो तो नेता येतो, काकू,” मुलगी शांतपणे म्हणाली. “कोणाला दाखवायचा, ते आधी मला विचारा. बाबांना नाही, मला.”

वडील जमिनीकडे बघत राहिले. काकू मला म्हणाल्या, “सगळे फोटो काढून टाक. मुलगी हो म्हणेल त्यालाच मी हाताने दाखवेन.” मुलीने स्वतःचं नाव स्वतः पुन्हा लिहून दिलं.

उठताना ती म्हणाली, “नेणारा एकच होता हो. पुढे पाठवणारे किती असतील!”

मी तिच्याकडे तेव्हा नीट पाहिलं आणि मला तो फोटो आठवला. पिवळी साडी, मागे स्टुडिओतला रंगवलेला बगीचा, खाली कोणीतरी लिहिलेली आचरट ओळ. ती मेल मलाही आली होती. कोणाची, कुठून आली, काही न बघता मी हसलो होतो आणि दोघा मित्रांना पाठवली होती.

बोलायला हवं होतं. मी माऊस उलटा केला, त्याच्या पोटातली फिरती रबरी गोळी काढली आणि पुसत बसलो.

काकू त्या दोघांना म्हणाल्या, “बघा, पोराने किती मनाला लावून घेतलंय. फार सरळ आहे हो.”