भारतीय रागीट गाढव

'वाइल्ड' या शब्दाचा अर्थ मला पक्का ठाऊक होता. आमच्या ऑफिसात तो दिवसातून दोनदा तरी कानावर पडायचा. "साहेब वाइल्ड झालेत, आत जाऊ नका." म्हणजे साहेब चिडलेत. मी बी.ए. झालेली, मराठी टायपिंगची परीक्षा पहिल्या झटक्यात पास झालेली. मला कशाला लागते डिक्शनरी?

सोलापुरातलंच एक सरकारी ऑफिस होतं ते. कोणतं ते सांगत नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतरचे दिवस. वन्य प्राण्यांसाठी नवा कायदा आला होता आणि कोणकोणते प्राणी मारायचे नाहीत, धरायचे नाहीत, बाळगायचे नाहीत, त्याची इंग्रजी यादी माझ्या टेबलावर आली. मराठी करा, स्टेन्सिल कापा, प्रती काढा. तीत एक 'इंडियन वाइल्ड अॅस' होता. मी बिनदिक्कत टाइप केलं, 'भारतीय रागीट गाढव'.

गंमत बघा, त्याच यादीत 'वाइल्ड बफेलो'चा मी 'रानरेडा' अगदी बरोबर केला होता. रेडा रानात असू शकतो, हे मला मान्य होतं. पण गाढव? सोलापुरात गाढव बोळात असतं, वीटभट्टीवर असतं, उकिरड्यावर असतं. रानात जाऊन ते काय करील?

त्या वर्षी मी कशाकडेच नीट पाहत नव्हते, हेही खरं. माझा मुलगा अकरा दिवसांचा होऊन गेला होता. बारसं बाराव्या दिवशी करायचं, त्यामुळे नावाचा प्रश्न आला नाही. शेजारून आणलेला पाळणा शेजारी परत गेला. सासूबाईंनी माझी छाती धोतराच्या पट्टीने घट्ट बांधली, दूध आटलं, रजा संपली, मी कामावर रुजू झाले. रडले नाही. पोर खंबीर आहे, असं सगळे म्हणाले आणि या शहाणीलाही ते खरं वाटलं. खंबीर कसली? दाताच्या डॉक्टरकडून आल्यावर गाल कसा दुसऱ्याचा वाटतो, तशी मी डोक्यापासून पायापर्यंत होते.

तर यादी गावोगाव गेली. अक्कलकोटच्या रस्त्याला एका गावात कुंभाराची एक म्हातारी होती आणि तिच्याकडे एक गाढवीण. त्या गाढविणीने गावोगाव फिरणाऱ्या आमच्या गार्डला पूर्वी एकदा लाथ घातली होती. गार्डने माझी यादी वाचली आणि त्याला उजाडलं. भारतीय आहे, गाढव आहे, आणि रागीट तर आहेच आहे. बाळगणं गुन्हा. त्याने गाढवीण जप्त केली, चालवत सोलापुरात आणली आणि ऑफिसच्या मागच्या लिंबाला बांधली.

मागोमाग म्हातारी आली. तिच्यासोबत महिन्याभराचं शिंगरू. फाटकात गार्डने दोघांना अडवलं.

"शिंगरू आत न्यायचं नाही."

"का? आई आत हाय की त्याची."

"ते जप्तीत नाही. यादीत फक्त रागीट गाढव आहे. हे रागीट नाही."

"आवं, म्हैन्याचं लेकरू त्ये, रागीट कसं आसंल? मग लिवा की त्याला बी यादीत! पेन हाय न्हवं खिशात?"

गार्डने खिशावर हात ठेवला, जणू म्हातारी पेन हिसकावून घेणार होती.

सकाळपासून दुपारपर्यंत शिंगरू फाटकाबाहेर आणि गाढवीण लिंबाखाली, दोघं आळीपाळीने ओरडत होती. मधे आमचं ऑफिस. हेडक्लार्क, ज्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणत असू, त्यांनी खिडक्या लावून घेतल्या. मी टाइप करत राहिले. गाढवाचं ओरडणं आणि मशीनची घंटी, मला दोन्ही सारखंच ऐकू येत होतं.

डबा खायच्या वेळेला मी व्हरांड्यात आले. गार्ड फाटकाला साखळी लावून जेवायला गेला, तशी म्हातारी फटीतून एकटीच आत शिरून गाढविणीला बघून आली होती आणि आता माझ्याच पायरीवर टेकली होती.

"बाई, तू लिवनारी हायस न्हवं? ह्ये रागीट गाडाव कुनी लिवलं गं?"

"वरून आलंय," मी म्हटलं.

तिने मान वर करून व्हरांड्याचे पत्रे पाहिले. "वरनं? म्हंजी देवानं का?"

मी पोळीचा तुकडा मोडला.

"न्हाय, इचारलं आपलं," ती म्हणाली. "देवाला गाडवावर काय राग आसंल, त्ये त्याचं त्याला ठावं. पन तिचं थान दगडावानी झालंय बग. हात लावू देत न्हाय. आज न्हाय पाजलं तर उद्या परवा आटंल. मग ह्ये कशावर जगंल? दुसरी गाडवीन कुटं हाय माज्याकडं?"

थान दगडासारखं होतं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. पण तेव्हाही मला काही वाटलं नाही. वाटलं असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं, पण नाही वाटलं. मी फक्त डबा तसाच बंद केला, आत गेले आणि कपाटातून ते इंग्रजी पत्रक काढलं. धूळ झटकून डिक्शनरीही काढली.

रानगाढव. कच्छच्या रणात राहणारं, मिठाच्या जमिनीवर पळणारं. रोगाने कळपच्या कळप गेलेले, उरलेत ते जपायचे. त्या जनावराने आयुष्यात ना माती वाहिली होती, ना कुणा गार्डला लाथ मारली होती. त्याला वाचवायला निघालेल्या कायद्याने माझ्या हातून कुंभाराची गाढवीण धरली होती.

मी शुद्धिपत्रक टाइप केलं. 'भारतीय रागीट गाढव' याऐवजी 'रानगाढव' असे वाचावे. सदर प्राणी या जिल्ह्यात आढळत नाही.

भाऊसाहेबांनी ते वाचलं आणि आवाज खाली आणला. "बाई, फाडा हे. गाढवीण चार दिवसांनी आपोआप सुटेल. तुमची जागा टेंपररी आहे. साहेब वाइल्ड होतील."

"होऊ देत," मी म्हटलं. बधिर माणसाला भीती वाटत नाही, एवढी एक सोय असते.

साहेब झालेच वाइल्ड. "वाइल्ड म्हणजे रागीट? कुठल्या कॉलेजात शिकवलं हे?"

"कॉलेजात नाही, सर. इथं ऑफिसात."

दाराबाहेर शिपाई खोकला. साहेबांनी त्या खोकल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि काय समजायचं ते समजले असावेत. सही केली. कागद माझ्या अंगावर जवळजवळ फेकलाच.

गार्ड काही गाढविणीजवळ जायला तयार होईना. "जिनं लिहिलं तिनंच सोडावी," म्हणाला. मग मी गेले. आयुष्यात कधी शेळीसुद्धा सोडली नव्हती, पण पदर खोचून गेले. शिवाय गेले ती नेमकी मागून. गाठ सैल झाली, उघडलेल्या फाटकातून शिंगरू धावत आलं, आणि गाढविणीने त्याच्याकडे वळता वळता मला मांडीवर अशी सणसणीत लाथ दिली की मी पायरीपर्यंत जाऊन बसले.

शिंगरू तोवर आईच्या पोटाखाली शिरलं होतं. ती पाय फाकून, कान पाडून उभी होती.

म्हातारी माझ्याकडे आली. "लागलं का गं लेकी?"

"नाही."

"न्हाय? मग लाथ वाया गेली की!"

शिंगरू पोटभर पिईपर्यंत गाढवीण हलली नाही. मग तिघं अक्कलकोटच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी वेळेवर आले, मशीनवर कागद चढवला आणि खुर्चीत बसले. मांडी खुर्चीच्या कडेला लागली. "आई गं!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडले की भाऊसाहेबांच्या हातातला चहा सांडला.

"काय झालं, बाई?"

कामावर रुजू झाल्यापासून मला हे कोणी विचारलं नव्हतं. मी तशीच अर्धवट उभी राहिले.

"दुखतंय," मी म्हटलं. "फार दुखतंय हो, भाऊसाहेब."