दोन गोल वजा

पाटली माझ्या आईची होती. लग्नात तिने स्वतःच्या हातातली काढून माझ्या हातात घातली, कारण द्यायला दुसरं काहीच नव्हतं. आणि माझ्या नवऱ्याने ती फुटबॉलवर लावली. मला विचारलंही नाही. मी लेकीला न्हाऊ घालायला काढून ठेवली, तेवढ्यात उचलली.

वर्ल्डकपचं साल होतं. आम्ही मनामात, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत राहायचो. नवरा एसी मेकॅनिक, दिवसभर हमद टाउनला लोकांच्या गच्च्यांवर भाजून यायचा. आमच्या वरच्या खोलीत एक कोकणातला माणूस राहायचा, सगळे त्याला भाऊ म्हणायचे, तो मॅचवर सट्टा घ्यायचा. चोरून, कारण तिथे पकडलं तर व्हिसा रद्द आणि पहिलं विमान. मला त्या भीतीने झोप लागायची नाही, जिन्यात बूट वाजले की मी लेकीला छातीशी धरायची.

शुक्रवारी सकाळी नवरा नाचत हलवा घेऊन आला. रात्री निळ्या शर्टवाले दोन गोलने जिंकले होते, दोन-शून्य, त्याने निळ्यांवरच लावलेलं. म्हणाला, "आता पाटली पण येणार आणि वर दुसरी पण." तेव्हा मला कळलं पाटली कुठे गेली ते. मी बोलायच्या आत तो वर पळाला, आणि आला तो तोंड पाडून.

"हरलो."

"अहो, जिंकले तर हरलात कसे?"

"हँडिकॅप होता. तुला नाही कळायचं."

त्याला तरी कुठे कळलं होतं! चिठ्ठी काढली खिशातून. निळे, पुढे वजा दोन. भाऊ म्हणाला, दोन वजा केले की तुझ्या टीमचे राहिले शून्य, शून्य म्हणजे खलास.

मी सातवीपर्यंत शिकले, पण वजाबाकी मला येते. दोनातून दोन गेले शून्य, बरोबर. पण समोरच्या हिरव्यांचे पण शून्यच ना? मग? आम्ही लहानपणी चिंचेपर्यंत पळायचो तेव्हा बारक्या भावाला दोन रेघा पुढे उभं करायचो, कच्चं लिंबू म्हणून. दोघांचा हात एकदमच झाडाला लागला तर कोणी हरायचं नाही, परत पळायचं. हे तेच होतं, नुसतं नाव इंग्रजी.

नवरा म्हणाला, "गप बस, भाऊ पंधरा वर्षं इथे आहे."

समोरच्या दारात साताऱ्याकडची ताई राहायची, तिचे मिस्टर पण लावायचे. तिच्याकडे गेले, जयभीम घातला आणि सरळच विचारलं, तुमच्यांनी कोणावर लावलेलं? ती म्हणाली, "हिरव्यांवर गं. दहा दिनार गेले. भाऊ म्हणाला, हिरवे हरले, मफी पैसा, काही मिळायचं नाही."

एकाच मॅचला दोन्ही बाजूचे हरले?

"ताई, ती चिठ्ठी द्या."

"देते, पण माझं नाव घेऊ नको हं."

लेक कडेवर, दोन्ही चिठ्ठ्या मुठीत, मी जिना चढले. खोलीत पाच-सहा बाप्ये चहा पीत बसलेले.

भाऊ म्हणाला, "वहिनी, हे बायकांचं काम नाही. यल्ला, खाली जा, पोरगी रडतेय."

"रडू दे. निळ्यांवर लावलं तो हरला ना?"

"हरला."

"मग हिरव्यांवर लावलं तो जिंकला?"

"तर! जिंकणारच तो."

मी दुसरी चिठ्ठी पुढे केली. हिरवे, अधिक दोन. "मग या चिठ्ठीवाल्याला हरला म्हणून का सांगितलं?"

कोणीतरी फिदीफिदी हसलं. "भाऊ, बोला की आता!"

भाऊचा आवाज चढला. "जास्त शहाणपणा केलास तर पोलीस येतील. पहिला तुझा नवरा जाईल गावाला."

"जाऊ दे. सगळेच जाऊ एका विमानात. खिडकीची जागा माझी. बरोबरीत सुटलं आहे, ज्याचं त्याला परत द्या. पाटली पण आणि हे दहा दिनार पण."

बाकीचे आपापल्या चिठ्ठ्या चाचपायला लागले तसा भाऊ उठला. बिस्किटाच्या डब्यातून दहा दिनार आणि पाटली काढली आणि फेकल्यासारखी दिली. मी तिथेच, सगळ्यांसमोर हातात चढवली. घट्ट बसली, कातडं सोललं, तरी चढवली.

ताईचे दहा दिनार ताईला दिले. खाली नवरा रागावलेला, "माझी इज्जत घालवलीस." मी हलवा खात बसले. बऱ्याच वेळाने तोच जवळ आला, हळूच म्हणाला, "आणि वजा दीड असतं तर?"

"तर जिंकला असतात. दोनातून दीड गेला तरी अर्धा उरतो."

त्याचे डोळे चमकले. मी हात पदराखाली घेतला नाही, उलट त्याच्या नाकासमोर धरला.

"हिशोब पाहिजे तेवढा विचारा, सांगीन. हिला हात लावायचा नाही."