यंत्रातला अण्णा

माणूस गेला की त्याचे किस्से वाढतच जातात. बेळगावातल्या आमच्या कारखान्यात अख्ख्या अंगाचं स्कॅनिंग करणारी एमआरआय यंत्रं बनतात. तिथं चहाच्या टायमाला रोज कुणीतरी अण्णाचं नवीन काढतं. अण्णा म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ, यंत्रं तपासणारा इंजिनियर. मी नववीत शाळा सोडलेला फिटर. अण्णा निपाणीच्या हायवेवर अपघातात गेला. लोक हसतात, मीही हसतो आणि मधेच उठून जातो. पेशंटला सूचना देणारा यंत्रातला आवाज अण्णाचाच आहे आणि साहेब आता तो बदलणार आहेत.

*

खंडेनवमीला सगळ्या मशिनींची पूजा असते. मी हौसेनं ताट घेऊन थेट मॅग्नेटच्या, म्हणजे यंत्रातल्या भल्यामोठ्या लोहचुंबकाच्या खोलीत शिरलो. ताट स्टीलचं! हातातून सुटलं आणि कुंकू उधळत यंत्राच्या तोंडाला जाऊन चिकटलं. साहेबांनी कपाळाला हात लावला.

अण्णा म्हणाला, "राहू दे सर. देवानं पहिल्यांदाच ताट स्वतः ओढून घेतलंय!"

*

टेस्टिंगला आधी माणसाऐवजी पाण्याच्या बाटल्या झोपवतात. बोरगावचे मामा बघायला आलते. अण्णाला म्हणाले,

"हेच व्हय रं तुझं पेशंट?"

"व्हय मामा. लई गुणी. यांच्यासंगं नातेवाईक येत न्हाईत!"

*

नंतर मी आत झोपलो. नाक खाजलं, खाजवलं, हललो. फोटोत एकाला एक लागून चार नाकं!

"बाळ्या, असल्या नाकांवर तुझी सोयरीक कशी जमवू रं?" अण्णा म्हणाला. फोटो मात्र त्यानं घरी नेऊन आईला दाखवलाच.

*

"श्वास घ्या. धरा. सोडा." हे अण्णानं स्वतः रेकॉर्ड केलं. 'धरा' आणि 'सोडा'च्या मधे त्यानं जरा जास्तच वेळ ठेवला. दवाखान्यात पहिल्याच दिवशी खानापूरची एक आजी आतून ओरडली, "धरलाय की रं बाबा! सोड म्हण की लवकर, मरतो मी हितं!"

अण्णानं त्याच दिवशी तो वेळ कमी केला.

*

काल साहेबांनी पुण्याहून नवीन आवाज आणला. बाईंचा, गोड, एकदम शुद्ध. तुलना करायला मला आत झोपवलं. बाई बोलल्या, फोटो स्वच्छ आला.

मग अण्णा बोलला. "श्वास घ्या. धरा."

धरला.

"सोडा."

फोटो कसा आला ते मी बघितलं नाही. साहेबांनी माईकवरून विचारलं, "अरे, सोडा म्हटल्यावर सोडायचा असतो ना? बरं, बोल. कुठला आवाज ठेवायचा?"

मी आतूनच म्हणालो, "आधी आणखी एकदा लावा की, सर."