निकाल लागल्यावर

पोलिओनं अपर्णाताईंचा डावा पाय लहानपणीच गेला. कुबडी घेऊन त्या हिंगोलीच्या कोर्टात वकिलीला उभ्या राहिल्या, तेव्हा लोक हळहळायचे. वर्षभरात तेच लोक त्यांच्या उलटतपासणीला टरकू लागले.

त्यांचं नाव झालं ते शिवकन्येच्या खटल्यानं. शिरड शहापूरला मेंढ्या राखणाऱ्या लिंबाजीची ही पोर जन्मापासून आंधळी. शाळेनं तिला घेतलं नाही.

"आंधळ्या लेकराला शाळा काहून?" मुख्याध्यापकानं विचारलं.

"डोळस लेकराला काहून लागते? त्याच्यासाठीच," ताई म्हणाल्या, आणि औरंगाबादच्या हायकोर्टापर्यंत भांडून त्यांनी पोरीला वर्गात बसवलं.

पुढे त्या न्यायाधीश झाल्या. जिना चढता न येणाऱ्या साक्षीदारासाठी स्वतः खाली उतरल्या, आवारातल्या लिंबाखाली साक्ष घेतली. मुक्या बाईची जबानी खुणांची भाषा जाणणाऱ्याला बोलावून नोंदवली. ठिकठिकाणी सत्कार झाले. प्रत्येक भाषणात त्या शिवकन्येचं नाव घ्यायच्या. गावी मात्र कधी गेल्या नाहीत. न्यायाधीशानं जुन्या पक्षकारांशी संबंध ठेवू नयेत, अशी स्वतःची समजूत काढायच्या.

निवृत्तीनंतर, गेल्या हिवाळ्यात, त्या शिरड शहापूरला गेल्या. शिवकन्या अंगणात शेळीला पाला घालत होती. आवाज ऐकताच तिनं ओळखलं.

"वकीलबाई? या, बसा."

"शिकलीस कुठपर्यंत?" ताईंनी मोठ्या आशेनं विचारलं.

"दिवाळीपस्तोर." ती हसली. "मागं बसवलं व्हतं. माज्याशी कोणी बोलायचंच न्हाई. फळ्यावर लिव्हायचे, मी बसून ऱ्हायची. परीक्षेला म्हणले, घरी जा."

"मला कळवलं का नाही गं?"

"बाबा आले व्हते ना हिंगोलीला. तुमच्या दाराला कुलूप. शेजारी म्हणले, बाई आता जज झाल्या, भेटायच्या न्हाईत. मग बाबा वापस आले. मरेपस्तोर म्हणायचे, बाईचा दोष न्हाई."

शेळी पाला ओरबाडत होती.

"बाबा भेटले असते, तर आला असतात का तुमी?" शिवकन्येनं विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून तो प्रश्न जास्त लागला.

'हो' म्हणणं सोपं होतं. त्या दिवसांत नवी खुर्ची किती प्यारी होती, हे ताईंना आठवलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या.

"बराबर," शिवकन्या म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

आता जिल्ह्यात शिवकन्येसारखं एखादं लेकरू शाळेत दाखल झालं, की ताई महिन्याभरानं तिथं जातात. मुख्याध्यापकाला नमस्कार करून थेट वर्गात शिरतात, लेकराशेजारी बसतात, काल काय शिकवलं ते विचारतात. एक-दोन ठिकाणी त्यामुळं खरंच फरक पडला. शिवकन्येकडेही त्या जातात. शेळ्यांच्या, पावसाच्या गप्पा होतात. एकदा ताईंनी भीतभीत ब्रेलचा विषय काढला.

"आता ऱ्हाऊ द्या, बाई," ती म्हणाली. "तवा लई मन व्हतं."