अडकलेली हाक

माझ्या अंगावर साधा ओरखडाही नव्हता, तरी माझी वाचा गेली होती.

बहात्तरच्या दुष्काळात मिरजगावजवळ रस्त्याच्या कामावर आम्ही दोघी जावा खडी फोडायला जायचो. एके दुपारी खाणीची कड ढासळली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, दगडमातीखाली गेल्या. लोकांनी त्यांना जिवंत बाहेर काढलं. मोडलेला पाय जामखेडला प्लास्टरमध्ये घातला, तो हळूहळू सांधलाही. मी मात्र त्या दुपारपासून मुकी झाले. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही. पण भांडं पडलं तरी अंग थरथरे, घास उतरत नसे, डोळा लागला की छातीवर माती पडल्यासारखं होई. एरवी गावात देवीची गाणी मीच सांगायची. आता देव्हाऱ्यापुढे बसलं की मनात येई, देवी असती तर दरड कोसळलीच कशी असती? अक्का काठी टेकत येऊन मला भरवायच्या आणि मला त्यांच्याकडे बघवत नसे.

शेवटी त्यांनीच हट्टाने एका मंगळवारी मला एसटीने लांबच्या एका देवीच्या देवळात नेलं. आरतीचा नगारा दणाणला आणि माझे हातपाय कापू लागले. मी दात आवळून अंग धरून ठेवत होते. तेवढ्यात शेजारची एक अनोळखी म्हातारी जवळ सरकली. तिने माझ्या पाठीवर तळहात ठेवला.

"कापू दे, लेकी. आवरू नगंस. भ्या हाय त्ये, जाऊ दे भाईर. आई म्होरं बसलीया."

मी आवरणं सोडलं. सुपात दाणे उसळावेत तसं सगळं अंग हललं, आणि खाणीत ओठांवर येऊन थिजलेली हाक देवळात घुमली, "अक्काऽ! सरका!"

अक्का काठी टाकून मला बिलगल्या. "सरकले गं बाई, सरकले! ही बघ, हाय की मी!"

थबकलेला नगारा पुन्हा वाजू लागला. फाटक्या आवाजात, रडत, सगळ्यांच्या वरताण मी आरती म्हटली.

नंतर त्या म्हातारीला शोधलं, ती दिसली नाही. कोण होती ते विचारत बसले नाही; हात जोडले. भीती पुढेही अधूनमधून आली, पण मी तिला अंगात कोंडून ठेवलं नाही. त्या दिवशी परतताना एसटीत मी इतकी बोलत सुटले की अक्का हसून म्हणाल्या, "आता घटकाभर गप की!"

तेव्हापासून देवीपुढे बसले की मी काही मागत नाही. अंगात जे असेल, थरकाप असो की गाणं, तिच्या पायांशी ठेवते. ती घेते.