मार्ताच्या जहाजासाठी नारळ

हेलन नर्स होऊन स्वीडनला गेली, तेव्हापासून तिची आई प्रिस्काबाई त्या देशावर रुसून होत्या. अर्नाळ्याच्या मुलांना इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झालेल्या. बातम्यांत स्वीडन आलं की टीव्ही बंद करायच्या. हेलनने शेवटी नाताळला चॉकलेटांऐवजी पुस्तकं धाडली. एक त्या देशाचा इतिहास, आणि दुसरी अमेरिकेला निघालेल्या स्वीडिश शेतकऱ्यांची जाडजूड कादंबरी, इंग्रजीत आलेली. तिचा दुसरा खंड मागाहून येणार होता.

इतिहास बाईंनी नाक मुरडतच उघडला. त्यात राजाने हौसेने बांधलेल्या जहाजाची गोष्ट निघाली. नाव वासा. तोफांनी भरलेलं ते जहाज बंदरातून पहिल्यांदाच निघालं आणि अख्ख्या शहरादेखत वाऱ्याच्या झुळकेने कलंडून बुडालं. बाईंना हसू आवरेना. पुस्तक काखोटीला मारून त्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायांकडे गेल्या. गोष्ट ऐकून त्यांतली यमुना हसत हसत वाळूतच बसली.

मग रोजचंच झालं. इतिहास संपला आणि कादंबरी सुरू झाली. बाई वाचायच्या, मराठीत सांगायच्या, बायांचे हात चालू राहायचे. दगडाळ शेतीला कंटाळलेली मार्ता चार पोरं आणि हातमाग घेऊन जहाजात चढली, तेव्हा बायांतल्या ज्युलिएटने डोळे पुसले. पण भर समुद्रात वादळ उठलं आणि तिथेच खंड संपला.

"पुढं?" यमुना म्हणाली.

पुढचं पुस्तक अजून यायचं होतं. एकच गलका झाला. त्या लोकांच्या बोटी कशा असतात ते सगळ्यांनी ऐकलंच होतं. ज्युलिएटने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. यमुना समुद्राला नारळ बोलली. मार्ता कादंबरीतली आहे, आणि ते जहाज दीडशे वर्षांपूर्वी निघालेलं, हे बाईंनी सांगून पाहिलं. कोणी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी बाईंनीही गुपचूप एक मेणबत्ती लावलीच.

हेलनचा फोन आला तेव्हा बाईंनी जेवलीस का विचारलं नाही. पुस्तक कुठवर आलं ते विचारलं. हेलन म्हणाली, मम्मी, मीच सांगते पुढे काय होतं.

"सांगितलंस तर फोन ठेवीन," बाई म्हणाल्या.

पार्सल आलं तशा बाई ते फोडत फोडतच किनाऱ्यावर पोचल्या. उभ्यानेच वाचू लागल्या. डोलकाठी मोडली, पिठाची पिंपं भिजली, धाकटी पोर तापाने फणफणली, आणि एका सकाळी जमीन दिसली. बायांनी असा आरडाओरडा केला की होडीवरचे पुरुष धावत आले. यमुनाने पाण्यात नारळ सोडला. ज्युलिएटने बाईंना धरून गरागरा फिरवलं. बाईंचा चष्मा वाळूत पडला, तरी कोणी थांबेना.

दम खाताना यमुनाने विचारलं, "मार्ताची आई तिकडंच रायली ना? तिचं काय झालं?"

बाईंनी पानं चाळली. आईसाठी लेखकाने एकच ओळ खर्चली होती. बाईंनी पुस्तक मिटलं आणि आईची गोष्ट स्वतःच सांगायला घेतली. ती तीन दुपारी पुरली. चौथ्या दुपारी त्यांनी आईला जहाजात बसवलंच, पाठोपाठ अमेरिकेला धाडलं.

त्याच संध्याकाळी हेलनने फोनवर नेहमीसारखं विचारलं, इकडे कधी येतेस.

"बर्फ वितळला की," बाई म्हणाल्या. "आणि मला खिडकीची सीट हवी."

पलीकडून बराच वेळ नुसतं हसणंच ऐकू येत राहिलं.