‘ते लोक’ म्हटलं की कप धुवायचे

शांतता समितीत काम केलं की सांगण्यासारखं भरपूर साठतं. सगळंच हसण्यासारखं असतं असं मात्र नाही.

दंगलीनंतर कल्याणला आमच्या आळीत समिती झाली. मी एसटीच्या खोपट डेपोचा रिटायर्ड कंडक्टर, त्यामुळे भांडणांची सवय! अध्यक्ष पाटीलकाकू. पहिल्याच मीटिंगला त्यांनी नियम केला: जो ‘ते लोक’ म्हणेल, त्याने सगळ्यांचे चहाचे कप धुवायचे.

मी विचारलं, “पण ते लोक तयार होतील का?”

पहिले कप मीच धुतले!

*

वागळे इस्टेटच्या एका कंपनीने मदत पाठवली. ऐन मे महिन्यात ब्लँकेट्स! काकू टेम्पोवाल्यावरच उखडल्या, “अरे, घरं जळलीत, थंडी नाय वाजत!”

शेवटी ती आम्ही मीटिंगला अंथरली. हिंदू-मुसलमान, दोन्ही गल्ल्यांतली माणसं त्या दिवसापासून एकत्र बसायला लागली.

*

आमचे युसुफचाचा टेलर. दुकान जळल्यावर ते मुंब्र्याला बहिणीकडे गेले. त्यांचा मदतीचा फॉर्म काकूंनी भरला. ‘अर्जदाराशी नाते’ या रकान्यात लिहिलं, ‘शेजारी’.

क्लार्क म्हणाला, “मॅडम, हे नातं चालत नाही.”

“चालत नाय, म्हणून तर फॉर्म भरायची पाळी आली!”

*

चाचांना परत आणायला आम्ही मुंब्र्याला गेलेलो. ते परतले नाहीत तर समिती बंद करायची, असं काकूंनी ठरवलेलं.

चाचा मान खाली घालून म्हणाले, “काकू, गिऱ्हाइकांचे कपडे जळले. मापांची वही जळली. कुठल्या तोंडाने येऊ?”

ज्याचं जळलं, तोच लाजत होता! मला फार वाईट वाटलं. काकू एवढंच म्हणाल्या, “माझा ब्लाऊज पण होता त्यात. नवीन कोण शिवणार?”

*

चाचा आले. दुकान उघडलं. दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. आम्ही समोरच्या ओट्यावर जीव मुठीत धरून बसलेलो.

मग समितीतले सावंत आले. दुकान जळलं त्या दिवशी त्यांचा मुलगा जमावात होता, हे अख्ख्या आळीला माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं. सावंतांनी काउंटरवर कापड ठेवलं. “शर्ट शिवायचाय. मुलाचा.”

चाचांनी कापड उलगडलं, पुन्हा घडी घातली. “वही जळली, सावंतसाहेब. त्यालाच पाठवा. माप नव्याने घ्यावं लागेल.”

त्या संध्याकाळी मीटिंगला सावंत ‘ते लोक’ म्हणाले नाहीत. सगळ्यांचे कप मात्र त्यांनीच धुतले.